शैलाताईचं शेवटचं रीडिंग

शैलाताई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला भेटले, ते शेवटचं. बोईसरच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीजवळच्या कॉटवर ती ताठ बसली होती. आडवं पडलं की लोक हळू आवाजात बोलायला लागतात, म्हणून तिला आडवं पडायचा राग. तिने उशीखालून एक लांबट वही काढली, वहीवर आपला मोबाईल ठेवला आणि दोन्ही माझ्या मांडीवर दिलं. "नंदा, मी गेल्यावर फोन बंद करू नको. म्हयनाभर चार्ज करत जा. का, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिवलंय. आत्ता वाचायचं नाय." मला रडू कोसळलं. तिने मला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "रडून झालं की चार्जर घे. टेबलावर हाय." अशी माझी थोरली बहीण.

आम्ही दोघी शिरगावच्या, वडिलांच्या वाडीत वाढलेल्या. मी पालघरला शाळेत शिक्षिका झाले, ताई बी.एस्सी. करून तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. इतकी वर्षं बोईसरला काढली, पण माझ्याशी बोलताना तिची गावची बोली कधी सुटली नाही. प्रयोगशाळेतली तिची एक रीत होती. सकाळी यंत्र सुरू केलं की आधी त्याला ज्याचं उत्तर ठाऊक आहे असाच नमुना द्यायचा. त्याला ते लोक 'स्टँडर्ड' म्हणतात. यंत्राने बरोबर आकडा दाखवला तर दिवसभर त्याचं ऐकायचं, चुकलं तर त्यावर 'वापरू नये' असा लाल स्टिकर लावायचा. एकदा गेटवर ट्रक माल न्यायला उभा होता, मॅनेजर डोक्यावर बसला होता, तरी हिने स्टिकर काढला नाही. ही सवय घरीही. भाजीवालीच्या काट्यावर आधी घरून नेलेलं अर्धा किलो साखरेचं पाकीट ठेवून बघायची आणि मगच वांगी घ्यायची. मला तिच्यासोबत बाजारात जायची लाज वाटायची, हे कबूल करते.

तिला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा आपण काहीतरी केलं पाहिजे असं मला फार वाटलं, आणि मी काय केलं, तर तिच्या फोनवर एक ॲप घातलं. शाळेतल्या मैत्रिणीने सुचवलेलं. कॅन्सरच्या रुग्णांसाठी म्हणून खास. त्रास लिहायचा, ताप लिहायचा, की हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका येणार आणि खाली सल्ला. ताईने चष्मा लावून ते नीट पाहिलं. "हे कोनी तपासलंय?" मी म्हटलं, अगं, पाच तारे आहेत त्याला. "तारे वापरनाऱ्यांनी दिले. तपासनाऱ्यानं काय दिलं?" मी चिडले. सगळ्यातच काय खोट काढायची, असं बोलून गेले. माझ्यासाठी म्हणून तिने ते ठेवलं.

तिसऱ्या केमोनंतरची ती दुपार मी विसरणार नाही. मी सुट्टी काढून तिच्याकडे राहिले होते. तिला हुडहुडी भरली. आमच्या आईची पद्धत, अंग तापलं की आधी गोळी. मी तापाची गोळी दिली, चादर घातली, तासाभराने थर्मामीटर लावला. नव्याण्णव. ॲपमध्ये भरलं. हिरवा ठिपका! 'विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या.' मला इतकं हायसं वाटलं की मी स्वतःसाठी चहा टाकला. तिला ठिपका दाखवला तर तिने विचारलं, "गोळी कवा दिलीस?" मी सांगितलं. "गोळी आधी आनि थर्मामीटर मागून? नमुना बिघडवलास आनि मंग मोजलास! त्या ठिपक्याला गोळी ठाऊक हाय का?" बोलता बोलता ती चपला शोधत होती. केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, थंडी-ताप आला तर घरी थांबायचं नाही. रिक्षात ती माझ्या खांद्यावर कलंडली. तपासलं तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. सलाईनमधून औषध सुरू करताना डॉक्टर एवढंच म्हणाले, की उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं... मी हिरव्या ठिपक्याच्या भरवशावर चहा पीत बसले होते. माझीच चूक ती, आणि ती मी कुणावर ढकलत नाही. पण ज्या ठिपक्याने धीर दिला, त्याला एक प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं: गोळी घेतली आहे का?

ती वही हॉस्पिटलच्या त्या कॉटवरच सुरू झाली. डावीकडे 'ॲप', उजवीकडे 'वॉर्ड'. एकच त्रास सकाळी आणि संध्याकाळी भरून बघायची, दोनदा वेगळं उत्तर आलं तर दोन्ही लिहायची. मुद्दाम 'श्वास लागतोय' असं भरलं, तर ध्यानधारणेचा व्हिडिओ आला. तेही लिहिलं. अन्याय मात्र केला नाही. 'गोळ्यांची वेळ: दररोज बरोबर. गजर म्हणून उत्तम,' अशीही नोंद आहे. सालवडहून एक बाई केमोला यायची, नवरा कारखान्यात कामाला. ती म्हणाली, "दीदी, ऐप में लिखा है ये पाउडर लो, खून बढ़ेगा." ताईने विचारलं, "किसने जाँचा? नाम दिखाओ." नाव नव्हतं, फक्त विकत घ्यायचं बटण होतं. मग दोघी हातात सलाईन घेऊन सिस्टरकडे गेल्या. ॲपवाल्यांना तिने चार पानी पत्र पाठवलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,' असं उत्तर आलं, पुढे काही नाही. ते तिने वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं, आणि टक्कल झालेल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या.

ताईला ॲपने मारलं नाही. आजार यकृतात परतला आणि त्याने नेली. पण त्या दुपारनंतरची तीन वर्षं तिची होती, ठिपक्याला न जुमानता मिळवलेली. ती कशी शांतपणे गेली, असं लोक मला सांगतात तेव्हा मला राग येतो. शांतपणे वगैरे काही नाही. ती शेवटपर्यंत भांडत होती.

तिला जाऊन महिना झाला. रोज फोन चार्ज केला. परवा वहीचं शेवटचं पान उघडलं. तिच्या त्या प्रयोगशाळेतल्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'नंदा, आता मीच स्टँडर्ड. उत्तर ठाऊक आहे. यंत्र काय म्हणतं ते डावीकडे लिही. सही कर.'

मी ॲप उघडलं. हिरवा ठिपका होता. खाली फुगे उडत होते. 'अभिनंदन, शैला! सलग पस्तीस दिवस कोणतीही तक्रार नाही. अशाच निरोगी राहा.'

मी डावीकडे ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. उजवीकडे लिहिलं, 'शैला गेली.' सही केली. त्या पानाच्या मागच्या बाजूला तिने एक लाल स्टिकर ठेवला होता, 'वापरू नये' लिहिलेला. तो काढून मी फोनच्या पाठीवर चिकटवला. येत्या मंगळवारी केमोच्या वॉर्डात जाणार आहे, नव्या आलेल्या बायकांना वही दाखवायला, फोन दाखवायला. चार्जर पिशवीत टाकलाय.