एक साडी, एक घोट

गुलमंडीतले साडीवाले गयासभाई गिऱ्हाइकाला आधी पाणी देत, मग साडी दाखवत. स्वतः मात्र दिवसभर कोरडे राहत. वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, किलो भराभर उतरले, पण चार-चार दिवस पोट साफ होईना. नातेवाइकांनी एरंडेलापासून त्रिफळ्यापर्यंत सगळं सुचवलं. डॉक्टर म्हणाले, "तूर्त यातलं काही नको. दिवसभर घोट-घोट पाणी प्या." इतका साधा इलाज गयासभाईंना पटेना आणि लक्षातही राहीना. शेवटी बायकोनं, मेहरुन्निसानं, दुकानात बाटली देऊन फर्मावलं, "एक साडी उलगडली, की एक घोट."

त्याच दुपारी गंगापूरच्या लक्ष्मीबाई आल्या. त्यांना येताना पाहून गुलमंडीतले बाकीचे दुकानदार जेवायला निघून जात. बाईंनी तीन तासांत साठ साड्या उलगडायला लावल्या आणि "रंग लई भडक हायेत" म्हणत हात हलवत गेल्या. बाटली रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयासभाई संडासातून नवरदेवासारखे बाहेर आले आणि त्यांनी आधी फोन लावला.

"लक्ष्मीबाई, नवा माल आलाय."

"मला काय घ्यायचं नाय, भाई."

"नका घेऊ. नुसतं बघायला या. रोज या."