सात माणसं आणि एक कुत्रा

समस्त मराठी बंधुभगिनींनो, जागेवर उभे राहा आणि गांभीर्याने ऐका: डेन्मार्कच्या एका निवडणुकीत ढोल-ताशा वाजला, तो मी वाजवला. बसा आता.

मी डेन्मार्क पाहिलेला नाही. अबू धाबीच्या एका ऑफिसात सेक्रेटरी आहे. शनिवारी खलिफा सिटीतल्या एका व्हिलात म्हाताऱ्या डॅनिश साहेबांच्या आठवणी टाइप करायला जायचो. साहेब आधी शाळामास्तर, मग खासदार, मंत्री, शेवटी इथे राजदूत. निवृत्तीनंतर इथेच लेकीकडे राहिले. त्यांची स्मरणशक्ती चाललीय, ती परतायची नाही, असं डॉक्टरांनी लेकीला सांगितलं होतं. "जायच्या आत सगळं उतरवून घ्या," ती मला म्हणाली.

"यल्ला, लिहा!" साहेब इथल्या अरबांसारखी घाई करत फर्मावायचे. पहिली प्रचारसभा: बंदर, पाऊस, माशांच्या खोक्यावर उभे साहेब, समोर सात माणसं आणि एक कुत्रा.

ही काय सभा झाली? मी सातशे माणसं केली. पुढच्या शनिवारी वाचून दाखवलं, तर साहेब खो खो हसले आणि लाल पेन्सिलीने खोडलं. मग आमचा खेळच झाला. मी ढोल घालायचो, ते खोडायचे. मी हार घातला, तर म्हणाले, "डेन्मार्कच्या नोव्हेंबरात झेंडू? हबीबी, तुम्ही मला पाडणार!" वर्षभर काय मजा केली आम्ही!

एका शनिवारी मी सजवलेला हत्ती आणला. साहेबांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली. पेन्सिल उचललीच नाही.

मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, गंमत केली हो. सातच माणसं होती. आणि एक कुत्रा."

"कुठला कुत्रा?"

पुढचे तीन शनिवार मी खरी पानंच वाचत राहिलो. परक्या देशाच्या राजदूताचं भाषण ऐकावं, तसे साहेब सभ्यपणे ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, "हत्ती कधी येतो?"

शेवटी लेक त्यांच्यासमोर बसली. त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाबा, ते कागद राहू देत. त्या दिवशी बंदरावर काय झालं, ते तुम्ही सांगा."

साहेब बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि सुटका झाल्यासारखे ते ओरडले, "त्याला विचार ना! तो होता तिथे!"