बॅटरीचं गाऱ्हाणं

बॅटरीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि किस्से. बुरशीवर गरम पाणी ओतलं की ती जाते. किस्से जात नाहीत, कारण चार्जिंग होईपर्यंत गिऱ्हाईक बाकावर बसलेलं असतं आणि आम्हाला गप्प बसायची सवय नाही. सांगून सांगून ते फुगतात. खालचे मी फुगवलेले नाहीत. एखादा असेल, पण तो कुठला ते सांगणार नाही.

दुकान पेडण्याकडच्या पार्से गावात, रस्त्याला लागून. मालक आम्ही दोघे. मी आधी घरोघरी इन्व्हर्टर बसवायचो. माझा भागीदार दामू मूळचा पाळी या खाणींच्या गावचा, त्याची उमेदीची सगळी वर्षं खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या बॅटऱ्यांत गेली. खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभे राहिले आणि दामू माझ्याकडे आला. आता आमचं निम्मं काम कॅरावॅनचं. लोक घरासारखी गाडी घेऊन केरीला समुद्राकाठी राहतात, तिथे विजेची जोडणी नसते, आणि फ्रिज, पंखा, दिवे सगळं डीप सायकल बॅटरीवर चालतं. गाडी स्टार्ट करणारी बॅटरी एकदा दणका देऊन मोकळी होते. ही मात्र तासन् तास थोडं थोडं देत राहते. तिला अर्ध्याखाली उतरवू नये आणि उतरलेली तशीच उपाशी ठेवू नये, एवढं सांभाळलं की ती वर्षानुवर्षं साथ देते.

हे दामूइतकं कुणाला कळत नाही. पण गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी स्टेंट घातला आणि सक्त विश्रांती सांगितली, ती त्याने आजवर घेतलेली नाही. शटरची चावी स्वतःच्या खिशात, सकाळी पहिला तोच हजर. त्याची बायको, आमच्या शालनवहिनी, या एकाच गोष्टीने पोखरून निघाल्या होत्या. ते पुढे येईलच.

*

टिपरवाल्यांची एक जुनी रीत. बॅटरी जिवंत आहे का हे बघायला मीटर कोण शोधतो? दोन टर्मिनलवर पाना टेकवायचा, ठिणगी उडाली की बरी. रीत धोक्याचीच, पण खाणीवर सगळे तेच करायचे.

बापू हा दामूच्या ओळखीचा, पाळीचाच जुना टिपर ड्रायव्हर, हल्ली भाड्याची कॅरावॅन चालवतो. गाडीत आम्ही नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या, चार जोडलेल्या. आमची पाठ वळताच बापूने सवयीप्रमाणे पाना टेकवला. जो आवाज झाला त्याने समोरच्या हॉटेलातली माणसं हातातले पाव टाकून बाहेर आली. पाना टर्मिनलला वेल्डिंग केल्यासारखा चिकटून लाल झालेला, आणि बापू चार हात मागे बसलेला. भुवया अर्ध्या गेल्या होत्या, बाकी देवाची कृपा.

दामू धावत गेला. बापूने त्याच्याकडे समाधानाने बघितलं आणि म्हणाला, "बरी आसा."

तो पाना आम्ही दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय. सुरक्षेची पाटी लावायची गरज पडत नाही.

*

उन्हाचं एक सांगतो. आपल्या माणसाची गाडी लावायची जन्मजात सवय म्हणजे आधी सावली बघायची. टपावर हे एवढं सोलर पॅनेल लावून लोक गाडी काजूच्या झाडाखाली लावतात आणि चार्जिंग होत नाही म्हणून आम्हाला फोन करतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, तुम्ही सावलीत बसा, गाडीला उन्हात बसवा.

केरीहून एकाचा फोन आला, की गाडी भर उन्हात आहे, तरी बॅटरी भरत नाही. मे महिना, ऊन असं की पाय टेकवत नाही. आम्ही दोघे गेलो. वायर बघितली, कंट्रोलर बघितला, सगळं ठीक. शेवटी मी शिडी लावून टपावर चढलो. पॅनेलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोकमाची सोलं वाळत घातलेली, ओळीने, एकही इंच मोकळा नाही.

शेजारच्या घरातल्या आजी खाली उभ्या होत्या. रोज गाडीवाला पोहायला गेला की त्या मागच्या शिडीने चढायच्या. जागा सपाट, तापलेली, कोंबड्या येत नाहीत, यापेक्षा चांगलं काय हवं? मी समजावून सांगितलं, की आजी, तुमच्या सोलांमुळे यांची बॅटरी भरत नाही. आजींना ते काही पटेना.

"वत एकच मरे," उन्हाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "माझी सोलां सुकली. तेची बॅटरी कित्याक भरूक ना?"

दामू म्हणाला, चल, हिच्याशी वाद घालणारा अजून जन्माला यायचाय. गाडीवाल्याने गाडी हलवली. आजींनी जाताना त्याला पिशवीभर सोलं दिली, कारण भाडं तर द्यायलाच हवं होतं.

*

आता गाऱ्हाण्याचं. आमच्या पेडण्याकडे काही नवं करायचं तर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की तो शब्द देवाच्या पुढ्यात दिलेला, त्यातून सुटका नाही.

बॅटरीची काळजी कशी घ्यायची हे आम्ही सगळ्यांना सांगायचो आणि सगळे मान डोलावून जाऊन तिची वाट लावायचे. एकदा बेंगळुरूचं एक जोडपं आलं. नव्या बॅटरीची पूजा हवी म्हणून त्यांनीच हट्ट धरला. दामू आधीच वैतागलेला. त्याने नारळ हातात घेतला आणि सुरू झाला:

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां नवी बॅटरी घेवन तुझ्या दारात उभी रवली आसत. बॅटरी अर्ध्यार इली काय पंखो बंद करूची तेंका बुद्धी दी रे म्हाराजा!"

मी म्हटलं, व्हय म्हाराजा. नवरा-बायको माझ्याकडे बघून म्हणाले, व्हय म्हाराजा.

"फक्त डिस्टिल पाणीच घालूची बुद्धी दी रे म्हाराजा! घराक परत गेल्यार बॅटरी फुल्ल चार्ज करून ठेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

मी त्यांना अर्थ सांगत होतो, आणि प्रत्येकाला व्हय म्हाराजा. पुढच्या हंगामात तेच जोडपं आलं, बॅटरी नव्यासारखी. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, बायको मला गाडीत इंडक्शनवर कॉफी करू देत नाही, म्हणते बॅटरी अर्ध्याखाली जाईल आणि आपण शब्द दिलाय, ते वाक्य मागे घेता येतं का? मी दामूला विचारलं. दामू म्हणाला, नाय.

तेव्हापासून दुकानातून गाऱ्हाण्याशिवाय एकही बॅटरी बाहेर जात नाही.

*

घरचेच लोक मात्र गाऱ्हाण्याला दाद देत नाहीत. शालनवहिनींचा भाऊ अंता, त्याने जुनी व्हॅन घेऊन तिची कॅरावॅन केली. सहा महिन्यांत बॅटरी खलास. दामूने झाकणं उघडली आणि विचारलं की पाणी कुठलं घातलंस. अंताने छाती फुगवून सांगितलं, देवळाच्या झरीचं. गावात त्यापेक्षा शुद्ध पाणी नाही. डिस्टिल पाणी कारखान्यातलं, ते कुणी बघितलंय?

दामूने क्षार म्हणजे काय ते सांगितलं. अंता चिडला, देवाच्या पाण्याला नावं ठेवतोस म्हणून.

दामू म्हणाला, "देवाच्या पाण्याक दोष ना. तीर्थ म्हणून तू पी. बॅटरी नास्तिक आसा."

*

एवढ्या सगळ्या भानगडीत दामूची विश्रांती राहूनच गेली. वहिनी दुपारी डबा घेऊन यायच्या आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहायच्या. डॉक्टर सांगून थकले, मी भांडून थकलो. हंगाम संपला की घेतो म्हणायचा, हंगाम संपला की दुरुस्त्या यायच्या. एक दिवस तो मागे चार्जर लावत असताना वहिनी मला हळूच म्हणाल्या, भावोजी, मला फार भीती वाटते. मलाही वाटतच होती.

परवा अंता नवी बॅटरी बसवून घ्यायला व्हॅन घेऊन आला. वहिनी बरोबर होत्या. बॅटरी बसली, मीटर फुल्ल दाखवत होता. दामूने हात पुसले आणि नारळ उचलला. वहिनींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आज मी घालतंय," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे गाऱ्हाणं बाईमाणसाने घालायची पद्धत नाही. अंताने तोंड उघडलं आणि बहिणीकडे बघून मिटलं. वहिनींनी पदर सारखा केला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान सगळ्यांच्या गाडयो चालू केल्यान. आज तेका सवता ह्या गाडयेत बसूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी आणि अंता म्हणालो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, व्हॅनच्या मागच्या सीटवर दामूची कपड्यांची पिशवी होती. त्याची औषधंही होती.

"दुकानाची चावी भावोजींच्या हातात देवची तेका ताकद दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

दामू नारळाकडे बघत उभा होता. वहिनींचा आवाज जरा खाली आला.

"आणि माका एकटीक मागे ठेवन खंयच जावची तेना घाई करूची नाय, असा तेच्याकडसून कबूल करून घी रे म्हाराजा."

अंता दुसरीकडे बघायला लागला.

"व्हय म्हाराजा," दामू म्हणाला.

वहिनींनी उंबऱ्यावर नारळ फोडला, त्याच्या खिशात हात घालून शटरची चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली.