मावशीने त्या पोस्टलाही लाल बदाम दिला

मंडळी, आज सकाळी सिटी सेंटरच्या बँकेत रांगेत उभ्या उभ्या मी मावसभावाशी फेसबुकवर कडाकडा भांडले. हा बारा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. तिथली अर्थव्यवस्था बाहेरून येणाऱ्यांनी बुडवली, असं रोज इंग्रजीत लिहितो. आज म्हणे, "सरकारने म्हाताऱ्या आईवडिलांना व्हिसा देणं बंद करावं. टॅक्स आम्ही भरायचा आणि दवाखाने यांनी अडवायचे?"

मीही इंग्रजीतच विचारलं, "तू काय तिथल्या राजवाड्यात जन्मलास?"

"ताई, ग्वाल्हेरात बसून ब्रिटनचं राजकारण कळत नाही."

त्याचे मित्र दात काढायला धावले. मी एकालाही सोडलं नाही.

दुपारी तशीच तणतणत दर्पण कॉलनीत मावशीकडे गेले. मावशी म्हणजे त्याची आई. तिचा इंग्लंडचा व्हिसा दोनदा नाकारलाय, तरी बॅग भरलेलीच असते, वर लेकासाठी मेतकुटाची पिशवी. तिला इंग्रजी येत नाही, पण त्याची पोस्ट दिसली की ती लाल बदाम दाबते. आजच्या पोस्टवर पहिला बदाम तिचाच होता.

"काय लिहिलंय गं त्याने? खाली बरेच लोग बोलतायत."

मी म्हटलं, "तिकडे थंडी फार आहे म्हणतो."

ती उठली आणि बॅगेत त्याच्यासाठी एक स्वेटर ठेवून आली.

या ग्रुपात मावशी नाही, पण भाऊराया, तू आहेस. मला खुशाल ब्लॉक कर. फक्त त्याआधी आईला फोन लाव आणि तिने कशाला बदाम दिलाय, ते तिला मराठीत सांग.