वहिनीच्या पोटाबद्दल एक पत्रक

आमच्या घरात भांडण तोंडी होत नाही, पत्रकाने होतं. बाबांचा नांदेडात छोटा छापखाना आहे. मोर्चा, जयंती, विहाराचा कार्यक्रम, कुणाच्या बदलीचा निषेध, सगळ्यांची पत्रकं आमच्या घरात पसरलेली असत. मी अक्षरओळख शिकले तीच मुळी ‘जाहीर निषेध’ या शब्दांवर. दादाने सातवीत असताना कारल्याच्या भाजीविरुद्ध पत्रक काढलं होतं आणि आईने त्याला लेखी उत्तर दिलं होतं. रविवारी विहारातून वंदना करून आलो की जेवताना ज्याला काही म्हणायचं असेल त्याने उभं राहून वाचायचं, असा नियमच होता.

वहिनी किल्लारीची. हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा हसून हसून तिला ठसका लागला. “तुमच्यात मीठ कमी पडलं तरी मोर्चा निघतो का हो, ताई?” पुढे ती एका लॅबमध्ये कामाला लागली, तिला मुलगी झाली, पण स्वतः तिने कधी एक ओळही लिहून वाचली नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, “ताई, मला पुन्हा दिवस गेलेत.” मुलगी तेव्हा दहा महिन्यांची, अजून अंगावर पीत होती. “आम्ही काळजी घेत होतो, तरी. मला आत्ता नको हाय. पण ते तर बंद हाय ना? दवाखान्यात बोर्ड असतो की.”

तो बोर्ड वेगळा, मी म्हणाले. मुलगा की मुलगी हे तपासून सांगणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. पण बाईला नको असलेला गर्भ डॉक्टरकडे जाऊन वेळेत काढून घेता येतो, हा कायदा आईच्या लग्नाच्याही आधीपासून आहे. साधन वापरूनही राहिलं, एवढं कारण त्यात चालतं. सही लागते ती फक्त तिची.

“अन् ह्यांची?”

“दादाची नाही लागत.”

ती ओलं दुपटं हातात धरून उभी राहिली. “मग आमच्याकडच्या बाया चोरून कशाला जातात?”

याचा मला आजही राग येतो. गावोगाव भिंती रंगवल्या, पण त्यांच्यावर अर्धाच कायदा लिहिला. उरलेला अर्धा बायांना कुणी सांगितलाच नाही.

वहिनीने रात्री दादाला सांगितलं. तो म्हणाला, तू म्हणशील तसं. पण दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी चहाच्या आधी आईला कळलं होतं.

आई देवभोळी बाई नाही. अंगारे-धुपारे करणाऱ्यांना तिने गल्लीतून पळवून लावलेलं मी पाहिलंय. पण पंचशीलातलं पहिलं शील ती अक्षरशः पाळते. घरात मुंग्या झाल्या तर हळदीची रेघ ओढते, एक मुंगी मारू देत नाही. ती म्हणाली, “सकाळी जिवाची हिंसा करणार न्हाई म्हणायचं, अन् दुपारी दवाखान्यात जायचं? मला न्हाई पटत.”

मग मला लिहिणं भाग होतं. दोन्ही बाजूंनी भरलेलं पत्रक, मथळा ‘शरीर कुणाचं?’ वहिनीची नोकरी, तिची तब्येत, मुलीचं दूध, सगळं त्यात मांडलं. कायद्यालाही सोडलं नाही. कायदा अजून डॉक्टरचं मत मागतो आणि बाईची नुसती संमती घेतो. म्हणजे निर्णय तिचा आहे असं तो सरळ म्हणतच नाही, असं लिहिलं. रविवारी उभी राहून वाचलं. आई उत्तर लिहून तयार होतीच. बाबा पत्रकाची प्रत पेन्सिलीने तपासत होते, ते मधेच म्हणाले, “तिसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम राहिला.”

वहिनीने ताट बाजूला सारलं.

“ताई, तुमचं लिहिणं चांगलंय. पण मी नोकरीसाठी नको म्हणलं का? तब्येतीसाठी म्हणलं का? ही कारणं तुम्ही जमवली. मला आत्ता नको, एवढंच हाय. अन् तुम्ही ते समद्यांसमोर वाचून राहिल्या.”

आई म्हणाली, “बघ, मी तेच...”

“आई, तुम्हीबी थांबा. शील मी रोज माझ्या तोंडानं घेते. तुम्ही तुमचं घेता, मी माझं. ते मोडतं का न्हाई, याचा विचार आठ दिवस झाले मीच करून राहिले. मला झोप न्हाई. तुम्हाला दोघींना बरी लागते.”

जेवण तिथेच संपलं. बाबांनी पेन्सिल खिशात ठेवली.

मी माझं मत बदललं नाही. पण तोवर मला वाटत होतं की बाईच्या बाजूने बोललं की झालं. तिला कुणापुढे बाजू मांडायलाच लागू नये, हे माझ्या पत्रकाच्या दोन्ही बाजूंवर कुठेच नव्हतं.

आई हरणारी नव्हे. तिने किल्लारीला वहिनीच्या आईला फोन लावला. मी तिला मावशी म्हणते. मावशीची दोन मुलं भूकंपात गेली होती. दोन लेकरं गमावलेली बाई आपल्याच बाजूने बोलणार, अशी आईची खात्री होती. आणि खरं सांगायचं तर ती आईच्याच बाजूने बोलेल, असं मलाही वाटत होतं.

मावशी दुसऱ्या दिवशी लातूरमार्गे एसटीने आली. पाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं, चहा घेतला. आईने सगळं नीट सांगितलं, माझी बाजूसुद्धा प्रामाणिकपणे सांगितली. वहिनी दाराशी उभी होती. एवढी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. सासूला ती उत्तर देऊ शकत होती. स्वतःच्या आईला काय देणार?

मावशी म्हणाली, “ईनबाई, दोन पोरांवर माझं आपरेशन झालं होतं. मग पोरं गेली. आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो. डाक्टर म्हणले, नळी परत जोडता येती. मग समदे माझ्या मागं. सासू म्हणायची, जा. दीर म्हणायचा, जा. शेजारीन म्हणायची, वंश बुडतो, जा. मी म्हणलं, माझी दोन लेकरं अजून डोळ्यांपुढून हलंनात, मी न्हाई जात. लई बोलणी खाल्ली.”

“मग?” आईने विचारलं.

“मग एक दिवस मला वाटलं, आता पाहिजे. तवा गेले. तवा ही झाली.” तिने दाराकडे हात केला. “तिला आत्ता नको असंल तर मी पाहिजे कशी म्हणू? मला कुणी म्हणलेलं मी ऐकलं होतं का?”

वहिनी आत आली आणि आपल्या आईशेजारी बसली. मावशी तिला म्हणाली, “अन् तू, कारटे, मला फोन करायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लावलं होतं का?” दोघी हसल्या, आणि मग वहिनी रडली.

आई चहाचे कप गोळा करत म्हणाली, “मला पटलेलं न्हाई. पण दवाखान्यात हिच्यासंगं मी येते. एकटी न्हाई जायची.”

आम्ही चौघं गेलो: वहिनी, दादा, आई, मी. मावशी नातीला घेऊन घरी थांबली. दवाखान्यातल्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, “मिस्टरांची सही लागेल.” दादा लगबगीने पेन काढू लागला. मी तोंड उघडलं, कायद्याच्या कलमासकट सगळं तयार होतं. पण माझ्या आधी आई खिडकीशी पोचली.

“तिचं वय किती लिहिलंय तिथं?”

“अठ्ठावीस.”

“तिनं सही केली का?”

“हो, पण काकू, आमच्याकडे पद्धत...”

“मग झालं की. पद्धत तुमच्याजवळ ठेवा. डॉक्टरीणबाईला विचारून या, आम्ही बसतो.”

तो आत जाऊन आला आणि नवऱ्याच्या सहीचं नाव पुन्हा काढलं नाही. दादाने पेन खिशात टाकलं. पेन हातात घेऊन तो एवढा अवघडला होता की आईलाच हसू आलं.

आठवडे कमीच होते, त्यामुळे गोळ्यांवर भागलं. दोन दिवस वहिनीच्या पोटात कळा आल्या, मग ती भरपूर झोपली. मावशी तिला धपाटे करून घालायची आणि आई वरून तूप सोडायची. ‘तुमचं तूप कमी’, ‘तुमचं पीठ जाड’, असं दोघींचं दिवसभर चालायचं. पुढे तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, सगळं नीट आहे.

परतताना रिक्षात वहिनी आईच्या आणि माझ्या मध्ये बसली होती. आईने सुरुवात केली, “बरं, मला हे सांग. लई महिने झाल्यावर एखादी नको म्हणली तर? तवाबी तू हेच म्हणशील?”

मी म्हणाले, “तेव्हासुद्धा आधी तिला विचारायचं. इतके महिने तिला कुणी अडवलं, तेही विचारायचं.”

“अन् त्या जिवाला कोण विचारणार?”

“ते भांडण तुमचं,” वहिनी म्हणाली. “मला त्यात धरू नका. माझं झालं.”

तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि थोड्याच वेळात तिला झोप लागली. गोदावरीच्या पुलावर रिक्षा हादरायला लागली तसं आईने तिचं डोकं तळहाताने धरून ठेवलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाली, “हं, सांग. त्या जिवाचं काय?”