जन्मठेपेचे दिवस आणि रात्री

माझ्या भाचीला तिच्या नवऱ्याने मारून टाकलं, त्याला तीन वर्षं झाली होती. सोलापूरच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं ते एका गुरुवारी. शिक्षा काय द्यायची यावर पुढच्या बुधवारी सुनावणी होती. मधल्या रविवारी सकाळी अक्काच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या दिराचा मुलगा वळसंगहून मोटारसायकलवर घरी आला. चार घड्या घातलेला एक कागद त्याने माझ्यापुढे ठेवला.

"मामा, एवढं नीट करून द्या. शुद्धलेखन तेवढं बगा. वर काकीची सही, खाली गावाच्या सह्या. मंगळवारी सरकारी वकिलाच्या हातात द्यायचं."

पत्र एका पानाचं होतं. आरोपीला फाशीच द्यावी, एवढी मागणी. शेवटी दोन वाक्यं होती. फाशी दिल्याने समाजात जरब बसेल व पुन्हा कोणी असे कृत्य करण्यास धजावणार नाही. तसेच अशा नराधमाला जन्मभर पोसण्याचा सरकारचा खर्च वाचेल.

चार-पाच वेलांट्या सुधारल्या आणि त्या दोन वाक्यांशी येऊन मी थांबलो. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी तपासणीचं काम करतो. काचेच्या टेबलाखाली दिवे असतात, त्यावर टॉवेल पसरायचा, धागा सुटलाय का पाहायचं, मग शिक्का मारायचा. न पाहिलेल्या मालावर मी शिक्का मारत नाही. ही सवय घरीही सुटलेली नाही, आणि तिचा घरच्यांना त्रास होतो हे मला माहीत आहे.

"हे कशावरून?" मी विचारलं.

"काय कशावरून?"

"जरब बसेल, आणि खर्च वाचेल."

"मामा, त्यो आत बसून फुकट खाणार. तुमच्या-माझ्या टॅक्सवर."

"तू टॅक्स भरतोस?"

"पेट्रोल भरतो की गाडीत! त्यात टॅक्स न्हाय व्हय?"

आतून चहा घेऊन आलेली माझी बायको म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. आणि तुम्ही काय आता प्रत्येक वाक्याला वही उघडणार का? पोरगी गेलीय आपली."

पोरगी गेली होती हे मला कोणी सांगायला नको होतं. ती माझ्याच घरात राहून बारावी झाली होती. फाशी होऊ नये असं माझं म्हणणं नव्हतं. कोर्टात त्याला समोर पाहताना कोणी विचारलं असतं तर मी द्या म्हणालो असतो. पण ते माझ्या रागाचं उत्तर झालं असतं. त्या दोन वाक्यांत राग लिहिलेला नव्हता, हिशोब लिहिला होता, आणि तो कोणीच केलेला नव्हता.

मी त्याला कारखान्यातली गोष्ट सांगितली. मालकांनी एकदा विणकामातल्या चुकीचा दंड तिप्पट केला. माझ्या रजिस्टरात चुका कमी दिसू लागल्या. सगळे खूश. पुढे गिऱ्हाइकाकडून मालच परत आला. कामगार चुकीची बाजू घडीत आत घालत होते. मग दंड होता तेवढा केला, पण प्रत्येक नग मशीनवरच बघायला सुरुवात केली. चुका तेव्हा खऱ्या उतरल्या. दंड किती आहे याचं माणसाला फारसं काही वाटत नाही, सापडणार की नाही याचं वाटतं.

"खून म्हंजे टावेल हाय का मामा?"

"नाही. म्हणूनच मी नक्की काही सांगत नाही. पण तूही नक्की सांगू नकोस."

तो उठला. कागद उचलला, चहा तसाच ठेवला. "तवा बाँड मात्र लगेच लिवला तुमी. तवा न्हाय विचारलं, जरब बसंल का म्हणून."

बायकोने त्याच्याकडे रागाने पाहिलं. पण तो खोटं बोलला नव्हता.

खुनाच्या चार महिने आधी नवऱ्याने भाचीचा हात मोडला होता. ती मुलीला घेऊन वळसंगला आली. दुधनीहून त्याचे लोक आले, दोन्हीकडचे मोठे बसले, आणि पोलिसात जाण्याऐवजी त्याच्याकडून बाँड पेपरवर लिहून घ्यायचं ठरलं. आमच्याकडे असं करतात. बाँडवर लिहिलं की गोष्ट पक्की झाली असं सगळ्यांना वाटतं. अक्षर चांगलं म्हणून लेखणी माझ्या हातात आली. मी लिहिलं: यापुढे पत्नीस मारहाण करणार नाही, केल्यास होणाऱ्या परिणामांस मी स्वतः जबाबदार राहीन. त्याने सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. भाची दुसऱ्या दिवशी दुधनीला परत गेली.

परिणाम म्हणजे काय, ते मी लिहिलं नव्हतं. तिथे कोणी विचारलंही नाही. पुढे कोर्टात साक्षीला उभा राहिलो तेव्हा त्याच्या वकिलाने तो शब्द मला मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, परिणाम म्हणजे नेमकं काय ठरलं होतं? मी म्हणालो, काही ठरलं नव्हतं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून ओळखीच्या एका वकिलाकडे गेलो. फाशीला खर्च किती, जन्मठेपेला किती, असा थेट प्रश्न विचारला. ते हसले. असा आकडा वेगळा काढून कोणी ठेवत असेल तर मला माहीत नाही, म्हणाले. मग क्रम सांगितला. इथल्या कोर्टाने फाशी दिली तरी ती हायकोर्टाने कायम करावी लागते. मग सुप्रीम कोर्ट. मग फेरविचार, मग राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. तोवर कैदी तुरुंगातच, पहारा जास्त. दोन्ही बाजूंचे वकील, फायली, तारखा. यात वर्षंच्या वर्षं जातात आणि शेवटी बऱ्याचदा फाशीची जन्मठेप होते. "म्हणजे जेवण वाचवायला निघालात तर ते वाचत नाही," ते म्हणाले. जरबेबद्दल ते म्हणाले, फाशीने खून कमी होतात हे कोणी पक्कं दाखवून दिलेलं नाही, होत नाहीत हेही पक्कं दाखवता येत नाही. आणि तुमच्या पत्राने कोर्ट काही ठरवणार नाही. तरी आईचं म्हणणं सरकारी वकील मांडतील.

मंगळवारी सकाळी मी वळसंगला गेलो. तो कागद अक्काकडे आधीच पोचला होता. ती ज्वारी निवडत बसली होती, कागद सुपाच्या कडेखाली दाबलेला. भाचीची मुलगी शाळेत गेली होती. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता नऊ.

"ये तम्मा," अक्का म्हणाली. आमच्या आईचं माहेर कर्नाटकातलं, त्यामुळे धाकट्या भावाला ती कानडी हाक मारते. "त्यो म्हनला, मामा आडवं लावतोय म्हनून."

"मी आडवं लावत नाही. तुला फाशी पाहिजे असेल तर मी तसं लिहून देतो. पण जे खरं माहीत नाही ते लिहायला नको."

"आन वकील म्हनतो दुर्मिळातलं दुर्मिळ आसलं तरच फाशी. म्हंजे माजी पोरगी रोजची व्हती व्हय रं?"

ती पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला त्याच्या मरन्याशी काय करायचं हाय? पन जन्मठेप झाली तर सात वर्सांत सुटंल त्यो. तीन तर झाली बी. चार ऱ्हायली. पोरगी तवा तेराची. बाप म्हनून दारात हुबा ऱ्हायला, माजी लेक द्या म्हनला, तर मी कुनाला सांगू?"

"सात कुठून काढलेस?"

"चौदा वर्सं जन्मठेप. जेलात दिवस येगळा आन रात येगळी मोजतात की. झाली सात."

हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. एस.टी. स्टँडवर, कटिंगच्या दुकानात, कारखान्याच्या कँटीनमध्ये. शिकलेले लोकही असंच सांगतात. ज्या मोजणीवर माझ्या बहिणीने एका माणसाच्या गळ्याला दोर मागितला होता ती मोजणीच चुकीची होती. आणि तीन वर्षांत कोणी तिला ते सांगितलं नव्हतं. मीही नाही, कारण तिच्या डोक्यात काय चाललंय हे मी विचारलंच नव्हतं.

मी तिला सांगितलं. दिवस आणि रात्र मिळून एकच दिवस धरतात. जन्मठेप म्हणजे कायद्याने मरेपर्यंत. सरकारला लवकर सोडायचं असेल तरी खुनाच्या अशा शिक्षेत पूर्ण चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही. चौदा झाली म्हणजे सुटलाच असंही नाही, वीस-पंचवीसही होतात. कच्च्या कैदेतली तीन वर्षं मात्र त्यात धरतील.

ती बोटांवर मोजू लागली. "सहाची व्हती तवा धरला. चौदा मिळवलं की वीस."

"कमीत कमी वीस."

"वीस म्हंजे शिकली तर कालेजात. शानी झालेली आसंल." सुपातली ज्वारी तिने एका बाजूला ओढली. "मी तवा आसंन का न्हाय, ते राहू दे. आन फाशी मागितली तर?"

मी वकिलाचा क्रम सांगितला. प्रत्येक टप्प्याला बातमी येईल, टीव्हीवाले येतील, मुलगी शाळेत जाताना लोक बोलतील.

"आताच बोलत्यात," अक्का म्हणाली. "परवा वर्गातल्या पोरीनं तिला इचारलं, तुज्या बापाला कवा लटकवनार? घरी येऊन मला इचारती, आज्जे, लटकवनार म्हंजे कुटं?"

तिने सुपाखालचा कागद काढून मला दिला. सही करणार नाही म्हणाली. त्याऐवजी मी तिच्या सांगण्यावरून दुसरं पत्र लिहिलं, पाच ओळींचं: त्याला बाहेर सोडू नये, मुलीचा ताबा त्याच्या घरच्यांना देऊ नये. तिने सही केली. तिचा चेहरा तीन वर्षांत पहिल्यांदा थोडा सैल झालेला मला दिसला.

म्हणून एक गोष्ट मी बोललो नाही. वकिलांनी निघताना सांगितलं होतं की जन्मठेपेच्या कैद्याला मधून मधून रजा मिळू शकते. घरी कोणी आजारी असलं, मयत झालं, तर थोड्या दिवसांसाठी त्याला सोडतात. हे मला माहीत होतं. ती चौदा वर्षं बोटांवर धरून बसली होती, आणि मला ती बोटं सोडवावीशी वाटली नाहीत.

बुधवारी जन्मठेप झाली. गावात दिराच्या मुलाने अक्काशी बोलणं टाकलं. दुधनीवाल्यांनी पैसे दिले म्हणून म्हातारीने सही केली नाही, असंही लोक म्हणाले. अक्काने ते ऐकून घेतलं. माझ्याकडे तिने तक्रार केली नाही. पोरगी वीसची होईपर्यंत, एवढंच ती म्हणायची.

यंदा, शिक्षेला सव्वा वर्ष झाल्यावर, दुपारी कारखान्यात तिचा फोन आला. घरी पोलीस आले होते. जावयाची आई आजारी आहे, त्याने रजा मागितलीय, तुमची काही हरकत आहे का, असं विचारत होते.

"तम्मा, रजा म्हंजे काय? सुटला व्हय?"

मी समजावून सांगितलं. थोडेच दिवस, परत जावं लागतं.

"तुला म्हाईत व्हतं?"

"होय."

"सई करताना म्हाईत व्हतं?"

"होय, अक्का."

तिने फोन ठेवला. हरकतीचं पत्र मी लिहून पाठवलं तर ते तसंच परत आलं. तिने शाळेतल्या बाईंकडून वेगळं लिहून घेतलं आणि सही करण्याआधी दोनदा वाचून घेतलं, असं मला त्या बाईंनीच सांगितलं. हरकत नोंदवली गेली. तरी त्याला सात दिवसांची रजा मिळाली.

ते सात दिवस मी कारखान्यातून सुट्टी काढून वळसंगला राहिलो. अक्काने ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं, फाटकाबाहेर चिंचेखाली बसायचं, दुपारी घेऊन यायचं. दुधनीहून येणारी प्रत्येक जीप रस्त्यावर दिसली की मी उभा राहायचो. मुलगी विचारायची, "सोलापूरचे आजोबा, तुमची कंपनी बंद पडली का?" मी होय म्हणायचो. अक्का माझ्यापुढे भाकरी ठेवायची, पाणी ठेवायची, आणि आत जायची.

तो आला नाही. आठव्या दिवशी ठाण्यातून कळलं की तो वेळेवर परत हजर झाला. मी पिशवी भरली. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आठवडाभरात ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"परत कवा मागनार त्यो?"

"नेम नाही. कारण निघालं की मागता येते."

"सालातनं किती बारी?"

"नियम बघून सांगतो."

"आताच सांग की. तुला सगळं म्हाईत आसतंय."

"मला माहीत नाही, अक्का," मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, या खेपेला तरी खरं बोलतोय का ते बघत. मग आत जाऊन तिने मुलीचं दप्तर आणलं आणि स्वतःच्या खांद्याला लावलं. ती म्हणाली, "शाळेची येळ झाली," आणि मुलीला घेऊन निघाली.