बुक्कीची परीक्षा

बारामतीत खोली शोधताना मला एक घरमालक भेटले. त्यांचं नाव विचारायला सवडच मिळाली नाही, कारण उलटतपासणी तेच घेत होते! भाडेकरू सरहद्द चोरून आलेला परदेशी निघाला तर आपण आत जाऊ, या धास्तीनं त्यांनी माझं आधार कार्ड उन्हात धरलं, नखानं खरवडलं आणि चक्क हुंगलं.

"अहो तात्या, मी इथल्याच शेळगावचा," मी म्हणालो.

"कागद कुणीबी छापतं." मिशीला पीळ देत त्यांनी माझ्यापुढं कांदा ठेवला. "बुक्कीनं फोडा. हितला माणूस आसंल तर फुटंल."

खोली हातची जाऊ नये म्हणून मी जीव एकवटून बुक्की हाणली. कांदा निसटून थेट खाटेखाली गेला.

"बघा! हितला न्हाय!" तात्या आनंदानं ओरडले.

तेवढ्यात आतून त्यांची बायको आली. कांदा उचलून तिनं नवऱ्यापुढं ठेवला. "आता तुमी फोडा. लगीन झाल्यापासनं तर मीच फोडून देती."

तात्यांनी कांदा हळूच बाजूला सारला. मग मिशीवरचा हात काढून त्यांनी खोलीची किल्ली माझ्यापुढं ठेवली.